नवमीला राहिलेलं रबर

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवळात हात जोडले तेव्हाही एवढी वगळूनच बोललो. म्हणजे एकदा सांगितली — पण ते सांगणं धरू नका. का धरू नका तेही सांगतो, पण शेवटी. आत्ताच सांगितलं तर तुम्हाला माझी दया येईल, आणि तिथूनच सगळं बिघडेल.

मी पुलगावात गाड्यांची वायरिंग करतो. शेड आम्हा दोघांची होती, माझी आणि शालिकची. शालिक डेंटर. ठोकलेला पत्रा सरळ करणं, वेल्डिंग, पुट्टी, रंग हे त्याचं. बॅटरी, दिवे, हॉर्न हे माझं. शाळेत एका बाकावर बसलो, नापासही एकाच वर्षी झालो. त्याचा हात फार चांगला होता. पत्र्यावर तळवा फिरवून तो सांगायचा, इथे अजून दाणाभर उंच आहे. मला तिथे काही म्हणजे काही लागायचं नाही. मला त्याचा थोडा हेवा वाटायचा का? वाटायचा. पण त्याचा या गोष्टीशी संबंध नाही — असं मी स्वतःला सांगत आलोय.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मुरलीधरभाऊंनी त्यांची फियाट आमच्याकडे आणली. मुरलीधरभाऊंचं बाजारात कापडाचं दुकान. गाडी त्यांच्या वडिलांची, गर्द हिरवी, आणि गंजून पार चाळणी झालेली. शालिक तिच्यावर अडीच महिने बसला होता. पुढच्या चाकांवरचे मडगार्ड तर त्यानं जवळजवळ नव्यानं घडवले. गाडी अशी झाली की रस्त्यावरून जाणारे सायकली थांबवून बघायचे.

मग भाऊंच्या मनात आलं की मडगार्डवर दोन्ही बाजूंनी छोटे नारिंगी दिवे हवेत. कारण साधं होतं. एकदा संध्याकाळी चौकात बाजूनं आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला ही गर्द हिरवी गाडी दिसलीच नव्हती, थोडक्यात बचावले होते. बाजूनं येणाऱ्याला आपण दिसलो पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. दिवे त्यांनी कुठून तरी जुन्या बाजारातून मिळवले, जड काचेचे, पितळी कडीचे. शालिकला हे अजिबात पसंत नव्हतं. "माह्या पत्र्याले भोक पाडून राह्यला तू," असं म्हणून तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मग संध्याकाळी स्वतःच येऊन दोन्हीकडचं अंतर मोजून खुणा करून गेला, म्हणे तुझ्या डोळ्यावर माझा भरवसा नाही.

भोकं मी अष्टमीला पाडली. एक दिव्याखाली, आणि एक आतल्या पत्र्यात, जिथून वायर इंजिनाकडे जाते. आता हे नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. ड्रिलनं पाडलेल्या भोकाची कड ब्लेडसारखी असते. तिला आधी गोल कानस मारायची, धार घालवायची, मग भोकात रबराची कडी बसवायची, आणि त्या रबरातून वायर ओढायची. तसं केलं नाही तर गाडीच्या हादऱ्यानं पत्रा वायरला रोज थोडा थोडा कापत राहतो. त्यातून जुन्या गाडीत त्या दिव्यांच्या लाइनला फ्यूजही नसतो. हे मला ठाऊक नव्हतं का? अहो, हे मी दुसऱ्यांना शिकवायचो.

पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी शालिकनं नेहमीसारखी औजारं पाटावर मांडली — हातोड्या, पाने, माझी ड्रिल मशीन, माझी कानस. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. एकदा औजार पूजेत बसलं की दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा आमच्या शेडचा नियम. आणि दहा वाजता भाऊंचा फोन, की उद्या दसरा, गाडीची पूजा घरी करायची आहे, दिवे लागलेली गाडी आजच पाहिजे.

मी त्यांना सांगू शकत होतो की दोन दिवस थांबा. कानस उचलू शकत होतो, देवानं काही माझे हात तोडले नसते. मी दोन्ही केलं नाही. हातानं जेवढं होईल तेवढं केलं. रबराची कडी बसवून पाहिली, कंगोऱ्यामुळे ती बसेना, ती खिशात टाकली. वायरला टेपचे चार वेढे दिले आणि तशीच ओढून घेतली. दसरा झाला की बोलावून घेऊ, कानस मारून देऊ, पाच मिनिटांचं काम. दिवे लागले. काय सुंदर दिसत होते! शालिकसुद्धा कबूल झाला. भाऊंनी आम्हाला दोघांना शालूच्या डब्यात पेढे पाठवले.

दसरा झाला, दिवाळी झाली. मी बोलावलं नाही.

इथवर तुम्ही म्हणाल, हयगय आहे, माणसाकडून होते. थांबा. जानेवारीत तीच गाडी परत आली. बैलगाडीची दांडी लागून डाव्या मडगार्डचा खालचा सांधा उखडला होता. तीन दिवस गाडी माझ्यासमोर उभी होती. माझी कानस हाताशी होती, रबरं डब्यात होती. बॉनेट उघडं होतं! मी रोज तिच्या बाजूनं जायचो आणि रोज वाटायचं, उद्या करू. कुणी विचारलं असतं की हे आता काय काढलंस, तर सांगावं लागलं असतं की आधी राहिलं होतं. शालिकसमोर तेवढं म्हणायची मला लाज वाटत होती. शालिकनं तो सांधा वेल्डिंग करून दिला. करण्याआधी त्यानं माझी वायर बाजूला सारली आणि तिच्यावर ओलं पोतं गुंडाळलं. मी पाहिलं. माझ्या या डोळ्यांनी पाहिलं, कारण पोतं ओलं करायला पाण्याची बादली मीच सरकवून दिली होती.

चैत्रात भाऊ आष्टीला एका साखरपुड्याला गेले होते. परत येताना आर्वीच्या अलीकडे दिवेलागण झाली, त्यांनी दिवे लावले. थोड्या वेळानं दिवे गेले आणि बॉनेटच्या फटीतून धूर यायला लागला. वडिलांची गाडी. ते उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. आत पेट्रोलच्या नळीनं पेट घेतला होता. तरीही ते मागे सरले नाहीत, उपरण्यानं, मग नुसत्या हातांनी आग विझवत राहिले. गाडी अर्धी वाचली. हात वाचले नाहीत. सावंगीच्या दवाखान्यात दोन महिने होते, मांडीची कातडी काढून तळव्यांवर लावली, पण बोटं जी आत वळली ती वळलीच. कापडाचा दुकानदार, ज्याच्या बोटांनी आयुष्यभर कापड पारखलं आणि मोजलं, त्याला शर्टाचं बटन लावता येईना.

जळकी गाडी आमच्याच शेडमध्ये ओढून आणली. शालिक तेव्हा दवाखान्यात गेला होता. मी एकटा होतो. मी बॉनेट उघडलं आणि सरळ त्या भोकाकडे पाहिलं, दुसरीकडे बघायची गरजच नव्हती. तांबं वितळून त्याचा मणी पत्र्याच्या कडेला चिकटला होता.

आणि मग मी काय केलं? कानस घेतली. तो मणी घासून काढला, भोकाची कड गुळगुळीत केली, पाण्यासारखी गुळगुळीत. वायरचा तेवढा तुकडा कापून नालीत टाकला. नवमीचं पाच मिनिटांचं काम मी त्या दिवशी केलं, आणि माझ्या आयुष्यात इतकं चोख काम मी दुसरं केलेलं नाही.

चार दिवसांनी भाऊंचा जावई शेडमध्ये आला. भांडायला नाही, समजून घ्यायला. म्हणाला, आग लागली कशी? शालिक शेजारी उभा होता. मी खाली बघून म्हणालो, "जानेवारीत त्या जागी वेल्डिंग झाल्तं... वायर पोळली असंन." बस, एवढंच. त्याचं नावसुद्धा घेतलं नाही मी. नाव न घेता माणसाला खड्ड्यात कसं ढकलायचं हे मला त्या क्षणी आपोआप जमलं.

मला वाटलं शालिक उसळेल. म्हणेल, पोतं गुंडाळलं होतं, बादली तूच दिली होती. खरं सांगू, मी त्याची वाटच बघत होतो. त्यानं तसं म्हटलं असतं तर मी कबूल झालो असतो — झालो असतो का? माहीत नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर त्याचा शंभर टक्के विश्वास होता, वायरीच्या बाबतीत तर माझा शब्द शेवटचा. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि तो म्हणाला, "हो... माह्याच हातून झालं. पोतं नीट बसलं नसंन."

त्यानंतर त्यानं वेल्डिंगच्या नळीला हात लावला नाही. शेडमधला त्याचा वाटा सोडला. दुसऱ्यांच्या शेडमध्ये रोजीनं पुट्टी घासायला जायचा, पत्रा घडवणारा तो माणूस. आणि रोज सकाळी नऊला भाऊंच्या दुकानाचं शटर उघडून द्यायचा, रात्री आठला ओढून द्यायचा. भाऊंनी त्याला बोलावलं नव्हतं. ते त्याला एकदाही वाकडं बोलले नाहीत, उलट दोन-तीनदा म्हणाले, बाबा, सोड आता. तो सोडेना. सण नाही, ताप नाही, पाऊस नाही. माझा शेडला जायचा रस्ता त्या दुकानावरूनच. मी रोज बघायचो, शालिक वाकलेला, शटर वर जातंय, आणि बाजूला भाऊ आपले हात पाठीमागे धरून उभे. मी हॉर्न वाजवायचो. तो हात हलवायचा. अकरा वर्षं मी असा हॉर्न वाजवत गेलो, दुसऱ्या रस्त्यानं जाण्याइतकीही लाज मला वाटली नाही.

मी त्याच्याशी दोस्ती तोडली नाही, हे तर आणखी वाईट. त्याच्या मुलीच्या लग्नात मांडवाची लाइटिंग मी केली. तो कधी कधी म्हणायचा, झोप लागत नाही रे, ते हात दिसतात. मी म्हणायचो, होऊन गेलं, विसर. विसर! मी त्याला विसरायला सांगत होतो, आणि आठवण जी होती ती माझी होती.

मागच्या हिवाळ्यात त्याची फुफ्फुसं गेली. सावंगीच्या दवाखान्यात भरती केला. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, निर्मला वहिनीला, बाजूला घेऊन काय ते सांगितलं. मी त्या दुपारी खाटेजवळच्या स्टुलावर बसलो आणि बोललो. ठरवून नाही, तोंडातून निघालंच. "शालिक, ते आग तुह्या वेल्डिंगनं नाई लागली. मी रबर लावलं नवतं. नवमीले कानस पूजेत होती, मी तशीच वायर ओढली."

त्यानं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. माझ्याकडे इतक्या मायेनं बघितलं की मला उठून पळावंसं वाटलं. हसला. मग वहिनीला म्हणाला, "पाय वं, दिनू काय म्हन्ते. मले सुखानं मराले भेटलं पायजे म्हनून माह्यं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राह्यला."

वहिनीनं पदर डोळ्यांना लावला.

आता बघा. त्याला पटवायला माझ्याजवळ पुष्कळ होतं. वितळलेला मणी, नालीत टाकलेला तुकडा, ओलं पोतं, बादली. नुसती बादली आठवून दिली असती तरी त्याला पटलं असतं. वेळही होता, तो त्यानंतर चार दिवस जगला, शुद्धीवर. मी चारही दिवस गेलो. एका दिवशीही मी म्हणालो नाही की शालिक, हे खरं आहे, मी तुला वाचवायला बोलत नाहीये. का नाही म्हणालो? कारण त्यानं ज्या नजरेनं माझ्याकडे बघितलं ती मला हवी होती. मी त्याचा हात दाबला. तो गेला तेव्हा आग आपणच लावली असं समजून गेला, आणि मी जगातला सर्वांत भला दोस्त आहे असंही समजून गेला.

म्हणून म्हटलं, ते सांगणं धरू नका.

तेरवीला सगळा मोहल्ला होता. वहिनीनं आल्या-गेल्याला दवाखान्यातली ती गोष्ट सांगितली, की दिनूभाऊजी शेवटी कसे बोलले. पंगत बसायच्या आधी मुरलीधरभाऊ माझ्याकडे आले. त्यांनी त्या वळलेल्या बोटांनी माझा हात धरायचा प्रयत्न केला, धरता येईना म्हणून दोन्ही मनगटांत दाबून धरला, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "दिनूभाऊ, असा दोस्त भेटाले नशीब लागते."

मी मान खाली घातली. लोकांना तो माझा मोठेपणा वाटला. मग मी पंगतीत बसलो. वहिनी स्वतः वाढायला आली, माझ्या पानाजवळ थांबली, आग्रह करून आणखी बुंदी वाढली, आणि मी ती सगळी खाल्ली.