डॉक्टरीण रुसली होती

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि आई होती तोवर तिलाही नाही. विसरलो होतो असं म्हणू? नाही, विसरलो कधीच नव्हतो. पण गेल्या रविवारी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मोतीरामभाऊंची शोकसभा झाली, आणि तिथे जे कानावर पडलं त्यानं माझं डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. तुमची माझी ओळख नाही, ते बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर माझं तोंड उघडलं नसतं.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. मोतीरामजींची भाषा किती शुद्ध, किती संयत, एका कामगार माणसाकडून अशी प्रमाण मराठी म्हणजे आश्चर्यच — असं दहा मिनिटं चाललं. अहो, आश्चर्य कसलं? त्या माणसानं उभ्या आयुष्यात 'मला' हा शब्द उच्चारला नव्हता. तो 'मले'च म्हणायचा. जिवंतपणी रुआबांधा वस्तीतल्या त्याच्या घरी यांच्यापैकी किती जण फिरकले? आणि आता डोळे पुसतात! मला वाटलं, उठावं आणि त्यांच्या हातातला कागद ओढून घ्यावा. मी उठलो नाही. का उठलो नाही, तेच सांगायला बसलोय.

मोतीरामभाऊ भंडाऱ्याकडचे. इथल्या पोलाद कारखान्यात, प्लांटमध्ये, रोलिंग मिलला होते, फोरमन होऊन रिटायर झाले. पण ड्यूटी संपली की माणूस वेगळाच. घरामागे त्यांनी टिनाची शेड टाकली होती आणि तिच्यात जुन्या मोटारी — कोणाच्या अंगणात पडून आत कोंबड्या अंडी घालत होत्या अशा, कोणी भंगारात काढलेल्या. त्या ते आणायचे, वर्ष-दोन वर्षं खपायचे आणि चालत्या करायचे. गाडीच्या कंपनीचं नाव त्यांच्या तोंडी कधी नसे. थे तं बापाचं नाव झालं, म्हणायचे, लेकराचं नाव काय? राजनांदगावच्या एका डॉक्टरांकडून आलेली करडी, गोल दिव्यांची गाडी होती, ती 'डॉक्टरीण'. रविवारी सकाळी डॉक्टरीण सेक्टरच्या, म्हणजे प्लांटच्या वसाहतीच्या, रस्त्यावरून निघाली की लोक सायकलवरून उतरून बघत.

आणि ते लिहीत. चाळीस पानी वहीत, पेन्सिलीनं, जसं बोलत तसंच. वाचताना ग्रीसचा वास यायचा हे मी उगाच म्हणत नाही — खरोखरच यायचा, बोटांचे ठसे असायचे पानांवर. चारी बाजूंनी हिंदी. त्यांची स्वतःची पोरंसुद्धा घरात 'पापा, गाडी निकालो' म्हणायची. त्या सगळ्यात हा माणूस मोटारींवर मराठीत लिहीत होता, आपल्या गावच्या मराठीत. लोकांनी त्यांच्यावर जीव लावला होता तो काही उगाच नाही. गणपतीत आमच्या मंडळाचा अंक निघे. कथा-कविता नंतर, आधी सगळे मोतीरामभाऊंचं पान उघडत.

त्या अंकाचा संपादक मी. आस्थापना विभागातला क्लार्क, मॅट्रिकला मराठीत पहिला आलेला. इथल्या छापखान्यात सगळं हिंदी चाले, 'ळ'चा खिळाच नव्हता त्यांच्याकडे, म्हणून अंक छापायला नागपूरला जाई. ही 'ळ'ची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे मी तिच्याच आड लपलो.

पहिल्या वर्षी मी फक्त 'मले'चं 'मला' केलं, 'करून राहिलो'चं 'करत आहे' केलं. भाऊ हसले होते. छापखान्यात गेली की बोली बी इस्त्री होऊन येते वाटते, एवढंच म्हणाले. ते हसल्यावर मला चेवच आला. पुढच्या वर्षी वाक्यं बदलली, त्याच्या पुढच्या वर्षी परिच्छेद. सहाव्या अंकापर्यंत मी त्यांची वही समोर ठेवून सगळं नव्यानं लिहीत होतो. खाली नाव त्यांचं. आणि वही? रद्दीत. दरवर्षी. लेख छापून आला की आता तिचं काय काम, म्हणून.

का केलं मी असं? भाषेच्या प्रेमापोटी? हट्. मोतीरामभाऊ जसं बोलत तशीच माझी आई बोलायची. ऑफिसर लोकांच्या बायका हळदीकुंकवाला घरी आल्या की मी आईला डोळ्यांनी दटावायचो, आणि ती बिचारी गप्प बसून सगळ्यांना पान-सुपारी द्यायची. मी घासूनपुसून शिकलेलं मराठी त्या अंकात मिरवायचं होतं मला, आणि माझ्या अंकात 'मले' दिसलं तर कोणीतरी विचारेल की संपादक कुठले? मोतीरामभाऊंची भाषा नव्हे, माझी जात-कुळी लपवत होतो मी. लाज माझी आणि पुसलं त्यांना!

आता त्या लेखाकडे येतो. येतोय, पण पाय ओढतोय, कळतंय मला.

सहाव्या अंकासाठी भाऊंनी डॉक्टरिणीवर लिहिलं. मे महिन्यात भर दुपारी गाडी चालता चालता बंद पडते, कारण नळीतल्या पेट्रोलची उन्हानं वाफ होते आणि पंपाला ते ओढता येत नाही. मोडलेलं काहीच नसतं. त्यांनी लिहिलं होतं — हे मला शब्दन् शब्द पाठ आहे, बाकी त्या सहा वह्यांतलं काही नाही — "गाडी बिघडली नाही, रुसून राहिली हाय. तिले खोलू नका. पंपावर वल्लं फडकं ठेवा आन तिच्यापाशी सावलीत बसा. अर्ध्या घंट्यानं थे सोताच मानते."

मी काय केलं? 'रुसून राहिली' पोरकट वाटलं, तिथे 'नादुरुस्त' घातलं. आणि 'तिले खोलू नका' — अंक घरोघरी बायका वाचतात, गाडीचं नाव डॉक्टरीण, हे बरं दिसेल का? म्हणून ते वाक्यच काढून टाकलं. ओलं फडकं, सावली, तेही गेलं. छापलं ते असं: 'ग्रीष्मात मोटार नादुरुस्त झाल्यास घाबरून न जाता इंधनपंपाकडे लक्ष द्यावे.' काय पण वाक्य! स्वतःवर खूश होऊन मी ते बायकोला वाचून दाखवलं होतं.

शेजारच्या दुर्गला, मोहन नगरात, एक वकील राहत. त्यांच्याकडे डॉक्टरिणीचीच जुळी बहीण होती, वडिलांच्या वेळची. पुढच्या उन्हाळ्यात ती त्यांच्या दारात बंद पडली. त्यांनी आमचा अंक काढला, वाचला, पंपाकडे लक्ष दिलं, म्हणजे पंप खोलला. आतला पडदा फाटला. तो पडदा कुठे मिळतो? भाऊंनी नागपूर पालथं घातलं, कलकत्त्याला पत्रं लिहिली. नाही मिळाला. गाडी ताडपत्रीखाली गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. वकिलांनी आमच्या हॉलमध्ये, चारचौघांत, अंक भाऊंच्या पुढ्यात आपटला. तुमचं वाचूनच केलं म्हणाले. भाऊंनी स्वतःचा छापील लेख उभ्याउभ्या, बोट ठेवून वाचला. मग त्यांनी वकिलांची माफी मागितली. कशाची? त्यांनी काय केलं होतं?

आणि मी तिथेच होतो. खुर्च्या लावत होतो.

सगळे गेल्यावर ते माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही, राग नाही.

"बाबू, थो शब्द कोणं बदलवला?"

बघा, किती सोपं होतं. मी, एवढं एक अक्षर. मी म्हणालो, "नागपूरवाल्यांनी, भाऊ. तिथे शुद्ध करूनच छापतात. त्यांना आपली बोली चालत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ओळखलं. पण नाही, विश्वास बसला त्यांचा. आमच्यासारख्या, घर सोडून या भट्ट्यांच्या गावात आलेल्या माणसांना नागपूर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल-नसेल. तिथे पोचलं की आपल्यासारखं बोलणारं माणूस भेटतं, स्टेशनावर हमालसुद्धा 'का'ला 'कावून' म्हणतो. भाऊ इतकंच बोलले, "नागपूरले बी 'रुसली' समजत नाही? मंग मी कोणासाठी लिवून राहिलो, बाबू?"

पुढच्या गणपतीत मी लेख मागायला गेलो. हो, गेलो, एवढा निर्लज्ज होतो. ते डॉक्टरिणीखाली पाठीवर पडून होते. खालूनच म्हणाले, आता तूच लिव, नागपूरले चालन असं मले येत नाही. त्यानंतर नऊ वर्षं ते जगले. पेन्सिल हातात धरली नाही. आणि नऊ वर्षं दर रविवारी त्यांनी मला बघून गाडी थांबवली, बाजूचं दार उघडून बसवलं, मार्केटपर्यंत सोडलं. मी बसायचो. त्यांनी एकदाही नागपूरला वाईट म्हटलं नाही. मीच म्हणायचो — त्या छापखानेवाल्यांना काय अक्कल, भाऊ! इतकं तावातावानं म्हणायचो की माझं मलाच खरं वाटायचं.

तर रविवारची शोकसभा. अध्यक्षांचं झाल्यावर कोणीतरी अंक उघडला आणि मोतीरामभाऊंचं 'अजरामर लेखन' वाचायला घेतलं. ग्रीष्मात मोटार नादुरुस्त झाल्यास. लोक माना डोलवत होते. मला संताप आला होता, आणि तो या लोकांवर काढावा असा एकही हक्क मला नाही हे मला कळत होतं, म्हणून तो आणखीच चढत होता.

वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, पहिल्या रांगेत, डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. भाऊ वहीत लिहीत तेव्हा आधी त्यांनाच वाचून दाखवत, हे मला माहीत होतं. त्यांना चहा द्यायला मी वाकलो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "बाबू, हे कोणाचं वाचून राहिले?"

"भाऊंचंच, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा कान देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "मले तं वळखू नाही आलं."

मी कप त्यांच्या हातात दिला आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो. वाचन संपल्यावर टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेही कोणाला सुचलं नाही. त्यांच्याबरोबर मीही वाजवल्या.

त्यांनी 'रुसून राहिली' लिहिलं होतं. ते मी खोडलं. नागपूरनं नाही, मी.