आधी स्वतः घालून बघायचं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगतोय — पण कुठून सुरुवात करू?

बेलापूरच्या आमच्या लॅबमध्ये एक नियम होता. व्हीआरचा हेडसेट दुसऱ्याच्या डोळ्यांवर चढवण्याआधी तो पूर्ण वेळ स्वतः घालून बघायचा. आमचा अभ्यास वयस्क माणसांचा चालताना तोल कसा राहतो, याचा. हेडसेटमध्ये खाडीवरचा लाकडी पूल दिसायचा, त्यावरून चालायचं. तो पूल मी बनवला होता. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच — त्या पुलाचं केवढं अप्रूप होतं मला!

आणि तोच मला सोसेना. मान वळवली की चित्र किंचित मागे राहायचं. डोळे म्हणायचे, चाललोय. कानातला तोल म्हणायचा, उभा आहेस. डोकं गरगरायचं. अर्ध्यातच हेडसेट काढला. लॅबच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, तर म्हणालो, "पूर्ण घातला. काहीच त्रास नाही." का? गावाकडच्या पोराला हेडसेटसुद्धा झेपत नाही, असं कुणी म्हणेल म्हणून? — एवढ्यासाठी?

मग जवळच्या दिवाळे कोळीवाड्यातून हिराआत्या अभ्यासासाठी आल्या. जन्मभर मासळी विकलेल्या. हेडसेट घालून चालताना मध्येच म्हणाल्या, "पोरा, गरगरतंय रं."

ते गरगरणं मला ठाऊक होतं. तरी म्हणालो, "मनाचं असतं आत्या. थोडंच राहिलंय."

त्यांनी पूर्ण केलं. बाहेर पडताना पायरीवर तोल गेला — उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात त्यांची सून चेष्टेनं म्हणाली, "सारा जलम होडीत गेला, आनि चश्म्यात बुडालाव!" आत्या ओशाळल्या. "माजाच डोका कच्चा. या पोराला बग, काय तरी झाला काय?" त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी मान हलवली. नाही, मला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी चित्राचं ते मागे राहणं मी गुपचूप दुरुस्त केलं. मॅडमनी आत्यांच्या वयाला दोष दिला. मी तोही देऊ दिला.

आत्यांच्या हातात आता कोयता टिकत नाही. मासळी सून कापते. आत्या शेजारी बसून बर्फ टाकतात. मी मासळी घ्यायला गेलो की गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगतात, "ह्यो आपला शिकलेला पोर. याचा डोका लय पक्का हाय."

मी ऐकून घेतो. गेल्या रविवारीही घेतलं.