राहूच्या विहिरीतला माझा रविवार

गेल्या उन्हाळ्यात मी राहू गावच्या विहिरीत जीव द्यायला उतरलो होतो, असं तिकडे अजून सांगतात. ते साफ खोटं आहे. मी छंद जोपासायला उतरलो होतो.

शिरूरच्या कॉलेजात मी आयुष्यभर ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो आणि त्याच वर्षी सुधा, माझी बायको, गेली. घर इतकं शांत झालं की ग्रंथालयच घरी आल्यासारखं वाटे. (तिथे निदान मुलं कुजबुजायची!) पुण्याहून माझी लेक मेघा रोज फोनवर विचारायची, "बाबा, दिवसभर काय केलंत?" उत्तर पटलं नाही की म्हणायची, "बस्स झालं. आमच्याकडे या राहायला."

मला शिरूर सोडायचं नव्हतं. सुधाचं सगळं त्या घरात होतं. म्हणून मी आयुष्य भरगच्च करायला घेतलं. भजनी मंडळात टाळ धरला. आठवड्याभरात त्यांनी टाळ काढून घेऊन सतरंज्या माझ्याकडे सोपवल्या. अंगणात वांगी लावली. ती शेजारच्या शेळीला फार आवडली. शेवटी एकदा फोनवर तोंडातून निघून गेलं, "सध्या पोहायला शिकतोय! राहूला, नामदेवच्या विहिरीत."

"तुम्ही? पोहायला?" मेघा म्हणाली. "रविवारी येते बघायला. खरं निघालं तर राहा शिरूरला. नाहीतर बॅग भरायची."

नामदेव म्हणजे सुधाचा धाकटा भाऊ. लहानपणी सुधा याच विहिरीत उड्या मारायची. लग्नानंतरही मारायची, आणि मी काठावर तिच्या चपला सांभाळायचो.

"दाजी, तवाच शिकला आसता तर?" रविवारी सकाळी माझ्या कंबरेला दोर बांधता बांधता नामदेव म्हणाला.

"तेव्हा पाणी खोल होतं."

"आन् आता?"

मी विषय बदलला.

शिकणाऱ्याच्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधायची तिथली पद्धत आहे. पोरांना एक पुरतो. मी दोन मागून घेतले. परिणाम असा झाला की मला बुडता येईना आणि पोहताही येईना! हात मारला की मी जागच्या जागी गरगर फिरे.

"दाजी, फुडं या!"

"येतोय की!"

"आवं, मागं चाललाय तुमी!"

एवढ्यात लाईट आली. शेतीची लाईट कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून नामदेवची मोटर कायम ऑटोवर असते. लाईट आली की मोटर आपोआप सुरू! त्याच पाण्यात मी तरंगणार आहे, हा मुद्दा आम्हा दोघांच्याही डोक्यातून गेला होता. नामदेवनं माझा दोर बाभळीला बांधला आणि मोटरच्या पेटीकडे धावला. पेटीला कुलूप. किल्ली त्याच्या बायकोच्या कमरेला. बायको पार पलीकडच्या रानात खुरपायला. तो तिकडे धावला.

पाणी उसाकडे निघालं आणि त्याच्यासोबत मी खाली निघालो. ज्या पायरीवरून मी उतरलो होतो, ती हळूहळू माझ्या डोक्यावर गेली. मोटर एकदाची बंद झाली, पण उसाला गेलेलं पाणी परत कोण मागणार? नामदेवनं दोर ओढून पाहिला, तर मी आडवा होऊन भिंतीवर आपटायला लागलो.

वर माणसं जमली.

"कोन हाय खाली?"

"सुधाताईचं मालक."

"आगं बया! अजून वरीस न्हाई झालं तिला!"

शेजारच्या वस्तीवरचे गणपाआबा पुढे वाकले. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली, त्यामुळे त्यांचा आवाज माळभर जातो. विहिरीत तर तो चारही बाजूंनी आला. "पाव्हणं, आसं करू न्हाई! गेलेलं मानूस आसं केल्यानं भेटतंय व्हय?"

"आबा, मी पोहायला शिकतोय!"

"व्हय व्हय. समदी आसंच म्हंत्यात."

"अहो, पाठीला कॅन बांधलेत, बघा तरी!"

"म्हंजी आयत्या वक्ताला मन बदललं! लई झ्याक झालं!"

शेवटी चार कोपऱ्यांना चार दोर बांधून एक बाज खाली सोडली. मी कसाबसा तिच्यावर चढलो. चौघं ओढायला लागले, चौघांचा वेग चार प्रकारचा.

"दाजी, मधी बसा!"

"बसू नगा, आडवं पडा! आन् हात जोडू नगा, बाज धरा!"

मी आडवा पडलो. चार माणसांनी उचललेला, ओला, डोळे मिटलेला गृहस्थ विहिरीच्या तोंडाशी दिसताच बायकांनी पदर तोंडाला लावले. आणि नेमकी तेव्हाच मेघाची गाडी बांधावर थांबली! वाटेत तिला कुणीतरी सगळी हकिगत (आबांची!) सांगितली होती.

"बाबा!" तिनं हंबरडा फोडला.

मी उठून बसलो. "आलीस? चहा घेतलास का?"

एक बाई किंचाळून उसात पळाली.

मेघानं आधी माझा चेहरा पाहिला, मग पाठीवरचे कॅन, मग अंगातली नामदेवची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. ती रडत होती. रडता रडता तिला हसू फुटलं आणि ती तिथेच मातीत बसून पोट धरून हसत राहिली. तिची आई गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. मला पुन्हा विहिरीत जावंसं वाटलं.

"मला वाटायचं, तुम्ही एकटे पडलात," डोळे पुसत ती म्हणाली. "अहो, अख्खी वस्ती तुम्हाला ओढत होती! राहा शिरूरला. दर रविवारी या इकडे. पण एक अट आहे. आंघोळ बादलीनं करायची. आणि बादली अर्धीच भरायची."

मी घासाघीस केली नाही. अर्ध्या बादलीत माझं काय होऊ शकतं, याची कल्पना मला तिच्यापेक्षा जास्त होती.