आठपट शांतता

“अहो, आठपट ऑर्डर आली म्हणजे आठपट शांतता, हे गणित तुम्हाला कोणत्या मास्तरांनी शिकवलं?”

“अगं, गिऱ्हाईक कधी दुकानदारावर गोळी झाडतं का?”

“माल हातात पडेपर्यंत नाही झाडत.”

भिंगवाल्यांनी घासयंत्र बंद केलं. तीस वर्षं हे गृहस्थ चष्म्याची भिंगं घासत आले. भिंगं इकडची, फ्रेमा सरहद्दीवरच्या पुलापलीकडच्या. दोन्ही देश एका टेकडीच्या वादावरून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण दोन्हीकडचे मंत्री एकमेकांवर डोळे वटारायचे, ते ह्यांच्याच भिंगांतून.

यावरूनच त्यांना शोध लागला होता: जोवर देवाणघेवाण, तोवर लढाई नाही. कारखान्याच्या दारामागे ते दर महिन्याला खडूची रेघ मारत. जेवढी ऑर्डर मोठी, तेवढी रेघ लांब, तेवढी झोप गाढ. बारा वर्षांपूर्वी पुलावर तीन दिवस गोळीबार झाला, तेव्हाही रेघ चांगली हातभर होती. त्याला ते ‘किरकोळ गैरसमज’ म्हणत. आपल्या शोधावर विश्वास एवढा, की तीन वर्षांपूर्वी एकुलती एक लेक पलीकडे फ्रेमवाल्याकडे कामाला पाठवली. परक्याच्या लेकीवर असले प्रयोग कोण करू देतं!

आज रेघ दार संपवून भिंतीवर गेली होती.

“पाच हजार जोड्या,” बायको म्हणाली. पॅकिंग तीच करायची, त्यामुळे कागद तीच नीट वाचायची. “आणि नंबर? एकालाही नंबर नाही! पाच हजार माणसं, सगळ्यांची नजर ठणठणीत, तरी चष्मा हवा?”

“फॅशन असेल.”

“एकाच मापाची? जाड काच, हातोड्याचा घाव सोसणारी?”

“सुतार असतील.”

“पाच हजार सुतार! टेकडीला दारं-खिडक्या बसवताहेत वाटतं.”

भिंगवाले हसले. एकटेच. मग त्यांनी एक तयार भिंग उचललं, फरशीवर आपटलं. फुटलं नाही. पुन्हा आपटलं. भिंग टणकन उडून कोपऱ्यात गेलं, अख्खंच्या अख्खं. एरवी असं काम साधलं की ते शेजाऱ्यांना हाक मारायचे.

“आणि इथे बघा.” तिने कागद त्यांच्या नाकाखाली धरला. “पुढच्या महिन्याची ऑर्डर. तीस वर्षांत हा रकाना कधी कोरा होता?”

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. रकाना कोराच.

“विसरला असेल फ्रेमवाला.”

“पोरीला आज घेऊन येते.”

“अगं, आज तिला परत आणलीस तर त्याला वाटेल आपला विश्वास उडाला! तीस वर्षांचे संबंध आहेत!”

बायकोने खिळ्यावरचा पुलाचा पास काढला. पायांत चपला सरकवल्या.

“बरं, जातेच आहेस तर त्याला एवढं विचार...” भिंगवाले दारापर्यंत आले. खडू अजून हातातच होता. “पुढच्या महिन्याची रेघ केवढी मारू?”

ती जिना उतरून गेली.