सुरूच्या बनापलीकडे ऐकू आलेली हाक

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. माझे वडील — आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो — होटगी स्टेशनात रेल्वेत होते. रात्रपाळीला कंदील घेऊन एकटे रुळांवरून फिरायचे. कुणी भुताचा विषय काढला की हसून म्हणायचे, "मला तर आजवर कुत्रीच भेटली." अशा माणसाची मी मुलगी. त्यामुळे जे घडलं ते तसंच लिहिते... तुम्हाला काही सुचलं तर जरूर सांगा.

१९७५ च्या आसपासची दिवाळीची सुट्टी. आम्ही सोलापूरला शुक्रवार पेठेत राहत होतो. आप्पांना आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. कळायचं सगळं, पण तोंडातून साधा हुंकारसुद्धा धड निघायचा नाही.

माझी मोठी बहीण, अक्का, रत्नागिरीकडे समुद्रकाठच्या एका खेड्यात होती. दाजी तिथल्या शाळेत मास्तर. तिनं हट्टच धरला — या वर्षी दिवाळीला सगळे माझ्याकडे या. आप्पांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्यांचे रेल्वेतले जुने जोडीदार गफूरचाचा म्हणाले, "म्हादू जारा तो मैं बी आता." आप्पांना ते म्हादूच म्हणायचे. आणि खरंच वळकटी घेऊन एसटी स्टँडवर हजर!

अक्काचं घर भरून गेलं. आईनं सोलापुराहून ज्वारीचं पीठ बांधून आणलं होतं. "हितल्या भातानं पोट भरत न्हाय बाई," म्हणत रोज भाकऱ्या थापायची. पहिल्या दिवशी आप्पांना वाळूत नेलं तेव्हा ते पाण्याकडे बघतच राहिले. डाव्या हातानं त्यांनी चाचांचं मनगट घट्ट धरलं. चाचा म्हणाले, "देख रे म्हादू, कित्ता पानी!" ...दोघांचेही डोळे भरले होते.

भाऊबीज झाल्यावरची दुपार. दाजींनी शेजाऱ्याच्या मदतीनं आप्पांना खुर्चीसकट वाळूवर आणून बसवलं आणि ते गावात गेले. तिथं आम्ही तिघंच — आप्पा, चाचा आणि मी. अक्काचं घर सुरूच्या बनापलीकडे, किनाऱ्यावरून दिसतही नव्हतं. आई आणि अक्का घरी स्वयंपाकात होत्या. चाचा होटगीचे जुने किस्से सांगत होते. मी आप्पांचा पाय मांडीवर घेऊन चोळत होते. नुकतंच चमच्यानं पाणी पाजलं होतं, म्हणून माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडेच होतं. हे मुद्दाम सांगते — त्यांचे ओठ हललेसुद्धा नाहीत.

तेवढ्यात बनातून आई पळत येताना दिसली. अनवाणी. दोन्ही हात पिठानं भरलेले.

"आई, काय झालं?" मी ओरडले.

"काय झालं काय विचारतीस? हाक मारली की ह्यांनी!"

ती माझ्याजवळ थांबली नाही. खुर्चीपाशी वाळूत बसली, पिठाच्या हातात आप्पांचा हात घेतला आणि आमच्या घरच्या कानडीत म्हणाली, "बंदेरी... बंदे." आले हो, आले. आप्पांनी समुद्रावरची नजर काढून तिच्याकडे वळवली. नीट, डोळे भरून पाहिलं. मग त्यांची मान तिच्या खांद्यावर आली, ती परत उचलली नाही. आधी चाचांना कळलं. "म्हादू... अरे म्हादू..." एवढंच ते म्हणत राहिले.

मागून अक्का धापा टाकत आली. तिला अजून काहीच कळलं नव्हतं. "सुमे, ही गंगी कोण गं? कोणीतरी पुरुषमाणूस ओरडत होता — गंगी, बा... गंगी, बा. आणि आई हातातली भाकरी टाकून पळत सुटली!"

कानडीत 'बा' म्हणजे ये. पण आईचं नाव तर पार्वती. आम्हाला तेवढंच माहीत होतं.

सोलापूरला परतल्यावर तिनं सांगितलं. अक्कलकोटकडच्या माहेरी ती गंगव्वा होती. नाव लग्नात बदललं. सुरुवातीची वर्षं आप्पा तिला एकांतात 'गंगी' म्हणायचे. पुढे मुलं झाली आणि ते बंद पडलं.

दाजी म्हणाले, दुपारचा वारा समुद्राकडून घराकडे वाहतो, आवाज गेला असेल. पण वाऱ्यानं न्यायला आवाज तरी हवा ना? तो तर आप्पांजवळ नव्हताच. आई मला एकदाच म्हणाली, "तू तर पायाशीच हुतीस. तुला कसं ऐकू न्हाय आलं गं?" तिचा राग नव्हता... नुसतं विचारलं.

पुढे गफूरचाचा दर शुक्रवारी नमाजानंतर आमच्याकडे यायचे. आप्पांच्या रिकाम्या खाटेवर बसायचे नाहीत, खाली सतरंजीवर बसायचे. आणि हळूच विचारायचे, "भाबी, आवाज कैसा था उसका?"

"लई मोकळा हुता," आई दर वेळी सांगायची. "कुटंच अडकला न्हाई."

चाचा मान हलवायचे, डोळे पुसायचे आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच विचारायचे. आता दोघंही नाहीत. त्या दुपारी नेमकं काय झालं, मला आजही सांगता येत नाही.