चार वारांची नऊवारी
"काहून गा, हे नेसून मी मांडवात जाऊ? पाहुणे लग्न पाहतील का माझ्या पोटऱ्या?"

आत्या शहरातल्या महाल भागात आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत उभी राहून ओरडत होती. आवाज असा, की बाहेर सायकलरिक्षांची रांग आपोआप थांबली आणि तिकडे पार दूरच्या प्रताप नगरात कुणीतरी दार लावून घेतलं. हातात नवीकोरी साडी. काठ नऊ बोटं, लांबी चार वार. लेकीचं लग्न आठ दिवसांवर, आणि नवरीच्या आईने विहिणीसमोर नऊवारीत उभं राहायचं होतं.

गुन्हा माझाच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि विणकरांच्या ऑर्डरी मी कॉम्प्युटरवर घेत होतो. त्या यंत्राचा मान जावयाहून जास्त: पंखा त्याच्याकडे, झाकायला टॉवेल, आणि त्याच्यासमोर साहेबसुद्धा अनवाणी. माझ्या प्रोग्रॅममध्ये साडी मागायची तर एका दमात नऊ गोष्टी ठरलेल्या क्रमाने सांगाव्या लागत. रंग, काठाचा रंग, काठाची रुंदी, लांबी, पदरावरचे मोर, असं करत पार पोलक्याच्या कापडापर्यंत. नको ते असेल तिथे शून्य. मी लांबीच्या जागी चार घातले, काठाच्या जागी नऊ; हवं होतं नेमकं उलट. दोन्ही आकडेच. यंत्राने हूं की चूं न करता कागद छापला.

साडी गुंडाळून मी उमरेडची बस धरली. ती विणणाऱ्या म्हाताऱ्या विणकराला विचारलं, बाबा, चार वारांची नऊवारी विणताना हात थांबला नाही?

"कॉम्प्युटरनं छापलं होतं," तो म्हणाला. "मले वाटलं, शहरात आता असंच चालून राहिलं असन."

मग त्याने साडी नव्याने विणायचं ठरवलं आणि कागद बाजूला सारून मलाच समोर बसवलं. एक कोरी चिठ्ठी घेतली. काठ कोणता? सांगितलं, तसा त्या रंगाचा धागा चिठ्ठीत ओवला. पदर? लांबी? मी मध्येच रंगावर उडी मारली तरी त्याला चाले. प्रत्येक गोष्ट तिच्या नावाने येत होती. पोलक्याचं मी बोललोच नाही, तर घरच्या रिवाजाने साधं धरलं. शेवटी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, माझी मान हललेली पाहिली, तेव्हा कुठे तो मागाकडे वळला. आता मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढला की देव आला तरी बदल नाही, हेही बजावलं.

परतीच्या बसमध्ये मी इतका हसलो की कंडक्टरने मला दोनदा तिकीट विचारलं. खोलीवर येऊन सगळा प्रोग्रॅम मोडला. आता आधी चिठ्ठी; तिच्यात एकेक गोष्ट नावानिशी भरायची; शेवटी एकच हुकूम: विण. लांबी राहिली किंवा सहा वारांहून कमी भरली, तर यंत्र सरळ नकार देणार. पहिला नकार आला तेव्हा मी खुर्चीवर चढून नाचलो आणि खाली जाऊन पानवाल्याला अर्धा तास समजावलं. त्याने चुना जास्त लावला.

पुढे प्रोग्रॅम लिहायची जावा नावाची भाषा आली. तिच्यात साडीच्या वर्गाच्या, म्हणजे साच्याच्या, पोटात एक छोटा वर्ग ठेवतात, त्याला बिल्डर म्हणतात, म्हणजे आपली चिठ्ठीच, आणि त्याच्याआधी 'स्टॅटिक' लावतात. पोरं पुस्तकात डोकं आपटतात, हा शब्द कशाला? मला उमरेडच्या ओट्यावर आधीच कळलं होतं. चिठ्ठी साडीचीच, साडीच्याच घरात राहणारी. पण ती लिहायला आधी साडी हातात असावी लागत नाही. तसं असतं तर जगात पहिली साडी विणलीच गेली नसती.

लग्नाच्या दिवशी सकाळी विणकर स्वतः साडी घेऊन आला. सहा दिवस त्याच्या मागाच्या खटखटीने उमरेडच्या गाई म्हणे तालात रवंथ करत होत्या. मी साडी आतल्या खोलीत पोचवली आणि दाराबाहेर येरझारा घालत बसलो. आयुष्यात तेवढा मी परीक्षेच्या निकालालाही भ्यालो नव्हतो.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, विहिणी भेटल्या. पंगत बसता बसता मी आत्याला गाठलं आणि चिठ्ठी, हुकूम, नकार, सगळा चमत्कार एका श्वासात सांगून विचारलं, कशी झाली साडी?

आत्या जिलबीचं ताट पुढे सरकवत म्हणाली, "नेसता आली."