डाव्या स्पीकरमधला श्वास

अजून माझा विश्वास बसत नाहीये, म्हणून लगेच लिहून काढतेय.

माझे मोठे काका घोटीला राहतात. तरुणपणी बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांचे उस्ताद आणि ते, जोडीनं. पुढचे दात पडले आणि वाजवणं सुटलं. क्लॅरिनेट दातांना टेकवून धरतात, हे मला आत्ता आत्ता कळलं! त्या काळाची एकच कॅसेट उरलेली, एका लग्नातली. ती बाबांनी नाशिक रोडच्या आमच्या घरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये जपलेली. दिवाळीत काका म्हणाले, "एकदा ऐकाया मिळाली ना, लय बरं वाटंल."

झालं, मी पेटले.

नाशकातच द्वारका चौकाजवळ मैत्रिणीचे बाबा राहतात, त्यांचा टेप डेक उचलून आणला, लॅपटॉपला जोडला आणि कॅसेट रेकॉर्ड केली. चोवीस बिट, एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठा आकडा दिसला, तोच निवडला. काकांसाठी कमी कशाला? मग कॅसेट रिवाइंड करायला लावली आणि डेकनं ती चक्क खाल्ली. पट्टी बाहेर आली, चुरगळली, तुटली. आता ते वाजवणं जगात एकाच ठिकाणी होतं, माझ्या फाइलमध्ये.

रविवारी काका जेवायला आले. पुरणपोळी झाली, सगळे बाबांच्या म्युझिक सिस्टीमसमोर बसले. दोन्ही बाजूंना ते उंच स्पीकर. फोनवर ऐकणार नाही, असं काकांनी आधीच बजावलेलं. "डबीत माशी शिरल्यावानी वाजतं त्याच्यात."

मी ऐटीत पेन ड्राइव्ह लावला.

स्क्रीनवर आलं, फाइल सपोर्ट होत नाही.

काढला, फुंकर मारली, परत लावला. तेच! सिस्टीम जुनी, तिला एवढी जड फाइल वाचताच येत नव्हती आणि मी हे आधी तपासलंच नव्हतं.

"शिकलेली आहे म्हणे," आई किचनमधून.

मी घाईघाईत फोनवरच त्या फाइलची एमपीथ्री केली. ॲपनं विचारलं, छोटी साइज? हो. आवाज स्वच्छ करू? कर बाबा, कर. लावली आणि वाजली! बाबांनी टाळ्या वाजवल्या.

काका मान हलवत होते. नाही अशी.

"हे आमचं नाय."

"अहो काका, तीच कॅसेट आहे!"

"आम्ही दोघं व्हतो, बाई. ह्ये एकच माणूस वाजवतंय. आन् दम घेतच नाय. असा कोन माणूस असतो का?"

मी हादरलेच. चुकीची कॅसेट? बाबांनी इतकी वर्षं भलतीच जपली? बाबा म्हणाले, "दादा, वय झालं तुमचं." मला ते पटेना.

लॅपटॉप उघडला आणि तेव्हा दिसलं. त्या ॲपनं डावा-उजवा आवाज एकत्र करून टाकला होता आणि 'स्वच्छ' करताना श्वास पुसून टाकले होते. मी मूळ फाइल परत घेतली आणि सिस्टीमला झेपेल अशी साधी वेव्ह फाइल केली, सोळा बिट, अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ. काही खोडलं नाही, काही मिसळलं नाही. पेन ड्राइव्ह परत लावला.

वाजली. आणि देवाशप्पथ, दोन माणसं! एक डावीकडे, एक उजवीकडे. डावीकडचा सूर थांबतो, फुस्स असा श्वास ऐकू येतो आणि तेवढ्यात उजवीकडचा सूर धरून ठेवतो.

"उस्ताद दम घ्यायचे तवा मी धरायचो," काका म्हणाले. "सूर तुटला तर वरात थांबल, म्हणायचे."

म्हणजे काका उजवीकडचे! मी धावत त्यांची खुर्ची उजव्या स्पीकरजवळ सरकवायला गेले.

"तिकडं नको, पोरी," ते उठत म्हणाले. "तिकडं मीच हाय. माझं मला पाठ हाय."

आणि खुर्ची स्वतः ओढत नेऊन ते डाव्या स्पीकरला कान लावून बसले. एवढे दिवस मी कोणाचा आवाज वाचवत होते, ते मला माहीतच नव्हतं.

पुढचा फुस्स आला. काकांनी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ, दात नसलेले, हलकेच आवळले गेले. सूर धरायला.